तामशाचा बिघाड मनाठ्याच्या नावावर

जुलैचा शेवट होता. पीकविमा भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि हदगाव तालुक्यात चार दिवसांपासून झड लागली होती. रात्री साडेनऊला आमच्या ओळखीतला एक लाइनमन पोरगा मोटारसायकलवर मनाठ्याला निघाला, कारण हदगावच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर मनाठ्यापुढे लाल खूण दिसत होती. तिथे पोचला तर डबा चालू, दिवे हिरवे, गावात नेट सुरळीत. त्याने ऑफिसला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "स्क्रीनवर बंद दाखवतंय, नीट बघ." तासभर त्याने चालू असलेला डबा उघडून-झाकून बघितला. परतताना काळ्या मातीच्या चिखलात गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं.

सकाळी कळलं, बंद होतं ते तामशाचं. तिथल्या सेवा केंद्रापुढे सातपासून शेतकरी सातबारा आणि पासबुक घेऊन उभे होते. स्क्रीनवर मात्र तामशापुढे हिरवी खूण होती.

हाताला प्लास्टर घालून पोरगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "चाचा, माझं काय चुकलं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. तो ज्या छोट्या खासगी इंटरनेट पुरवठादाराकडे काम करतो, त्याच्या मालकाला मी फोन केला. मालक माणूस वाईट नाही. दवाखान्याचा खर्च त्याने दिला. पण तो म्हणाला, "सॉफ्टवेअरमध्ये असं होतं सर कधी कधी."

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. पाऊस पडतो, वीज जाते, वायर कुरतडली जाते, हे 'होतं'. तामशाचा बिघाड मनाठ्याच्या नावावर लागतो, हे कोणीतरी 'करतं'. आणि इथे ते करणाऱ्या पोराला आपण सगळ्यांनी मिळून तसं करायला शिकवलं आहे.

मी तो प्रोग्राम मागवून घेतला. लिहिणारा डिप्लोमा झालेला, याच तालुक्यातला, हुशार आणि मेहनती मुलगा. त्याच्यावर राग काढायचा नाही, म्हणून त्याच्या चुकीची गोष्ट सविस्तर सांगतो. ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध फक्त मोबाइलपुरता आहे, त्यांनीही वाचावी. अवघड काही नाही.

नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेत एक विचारणारा असतो आणि एक सांगणारा. विचारणाऱ्याला मॅनेजर म्हणतात, सांगणाऱ्याला एजंट. दोघांच्या बोलण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे एसएनएमपी. ती १९८८ साली आली आणि मे १९९० च्या आरएफसी ११५७ या दस्तऐवजात तिची पहिली आवृत्ती पक्की झाली. एजंट १६१ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसतो. मॅनेजर त्याला शब्दांत विचारत नाही, आकड्यांच्या पत्त्याने विचारतो. १.३.६.१.२.१.२.२.१.८ या पत्त्याला शेवटी जोडणीचा क्रमांक लावला की त्याचा अर्थ होतो, "ही जोडणी चालू आहे का?" उत्तर १ आलं तर चालू, २ आलं तर बंद, ३ आलं तर चाचणीवर. लाल-हिरव्या खुणा या अशा आकड्यांवरून रंगतात.

लिनक्सवर असा एजंट लिहायचा तर बहुतेक जण नेट-एसएनएमपी ही लायब्ररी घेतात. तिचं मूळ अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, वाढ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत. कोड खुला आहे, फुकट आहे, हदगावात बसून कोणीही वाचू शकतो. हे मुद्दाम सांगतो, कारण "आमच्याकडे साधनं नव्हती" ही सबब इथे चालत नाही.

अशा लायब्ररीसोबत काम करताना सूत्रं तिच्या हातात असतात. आपण आपली फंक्शनं तिच्याकडे देऊन ठेवतो: अमुक प्रश्न आला की हे फंक्शन बोलव, पाच सेकंद झाले की ते बोलव, अमुक डब्याकडून उत्तर आलं की तिसरं बोलव. वेळ आली की ती बोलावते. म्हणून या फंक्शनांना कॉलबॅक म्हणतात. आता प्रश्न असा, की फंक्शन एकच आणि गावं चाळीस. बोलावणं आलं तेव्हा फंक्शनला कसं कळायचं, की हे बोलावणं कोणत्या गावासाठी आहे?

आपल्या पीठचक्कीवर जाऊन बघा. सकाळी बायका ज्वारीचे डबे ठेवून जातात. प्रत्येक डब्यावर नाव किंवा खूण असते. चक्कीवाला डब्यात काय आहे याची चौकशी करत नाही. ज्वारी असो, गहू असो, दळतो आणि पीठ त्याच डब्यात भरतो. संध्याकाळी जिचा डबा तिच्या हातात. आता समजा, चक्कीवाल्याने डब्यांवरच्या खुणा पुसल्या आणि भिंतीवर एकच पाटी लावली: "सध्या कोणाचं चालू आहे." बाई आली की पाटीवर तिचं नाव लिहायचं आणि पीठ निघालं की पाटीवर ज्याचं नाव त्याला द्यायचं. एकामागून एक, लगेच दळण झालं तर हेही चालेल. पण एकीचं दळण अडलं आणि तोवर दुसरी येऊन पाटीवर तिचं नाव लागलं, तर?

त्या पोराच्या प्रोग्राममध्ये अशीच पाटी होती. प्रोग्रामच्या भाषेत तिला ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. नाव होतं 'चालू गाव'.

काय घडलं ते घड्याळ लावून बघू. त्याचा एजंट दर तीन सेकंदांनी एका डब्याला विचारतो आणि विचारण्याआधी 'चालू गाव'मध्ये त्या गावाचा क्रमांक टाकतो. उत्तरासाठी पाच सेकंदांची मुदत. मुदत टळली तर टायमरचा कॉलबॅक येतो आणि 'चालू गाव' बंद असल्याची नोंद करतो. डबा ठीक असेल तर उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. तेवढ्यात पाटी बदललेली नसते, नोंद बरोबर होते. त्या रात्री निवघ्याला शून्याव्या सेकंदाला विचारलं, उत्तर आलं. तामशाला तिसऱ्या सेकंदाला विचारलं, उत्तर नाही. सहाव्या सेकंदाला मनाठ्याची पाळी आली, पाटीवर मनाठा लागलं, मनाठ्याने लगेच "चालू" सांगितलं. आठव्या सेकंदाला तामशाची मुदत संपली. टायमरचा कॉलबॅक जागा झाला, त्याने पाटीकडे बघितलं, पाटीवर मनाठा. त्याने मनाठ्यापुढे "बंद" लिहिलं. तामशापुढे जुनी "चालू" नोंद तशीच राहिली. दर फेरीला हेच.

हा दोष किती वाईट जातीचा आहे बघा. सगळी गावं चालू असतात तेव्हा प्रोग्राम अगदी बरोबर चालतो. एखादं गाव बंद पडलं, म्हणजे ज्या एका क्षणासाठी हा प्रोग्राम लिहिला, नेमका त्या क्षणी तो चुकतो. पोराने चाचणी केली नव्हती असंही नाही. टेबलावर एक डबा ठेवून त्याची वायर काढून बघितली होती. स्क्रीन लाल झाली. डबा एकच असल्यावर पाटीवर दुसरं नाव येणार कुठून?

यावर उपाय लायब्ररीने आधीच देऊन ठेवला आहे. टायमर लावायच्या फंक्शनला चार गोष्टी द्याव्या लागतात: किती सेकंद, एकदा की पुन्हा पुन्हा, कोणतं फंक्शन बोलवायचं आणि चौथी, तुमची स्वतःची कोणतीही वस्तू. त्या चौथ्या जागी तुम्ही तुमच्या डेटाचा पत्ता ठेवायचा. लायब्ररी तो उघडत नाही, वाचत नाही, त्याचा अर्थ लावत नाही. कॉलबॅक बोलावताना जसाच्या तसा तुमच्या हातात परत देते. सी भाषेत या प्रकाराला व्हॉइड पॉइंटर म्हणतात: पत्ता आहे, आत काय आहे ते फक्त ठेवणाऱ्याला माहीत.

मराठीत याला फार जुना शब्द आहे, अनामत. आमच्या घरात अमानत म्हणतात. दोन्हींचं मूळ एकच अरबी शब्द. बँकेत अनामत रक्कम ठेवणाऱ्यालाही तो कळतो आणि हजला निघालेल्या शेजाऱ्याचे दागिने सांभाळणाऱ्या आजीलाही कळत होता. न उघडता सांभाळणं आणि मागेल तेव्हा ज्याचं त्याला देणं, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्रामिंगच्या इंग्रजी पुस्तकांत या जागेला निरनिराळी रुक्ष नावं आहेत. आपल्याकडे कल्पना आहे, शब्द आहे, व्यवहार आहे, आणि तरी आपल्या पोराने ती चौथी जागा रिकामी ठेवली होती. तिथे 'नल' लिहिलं होतं, म्हणजे काहीच नाही.

मी विचारलं, "हे असं का?" तो म्हणाला, "सर, नमुन्याच्या कोडमध्ये तसंच होतं. मी कॉपी केलं. ती जागा कशासाठी असते ते माहीत नव्हतं." मग म्हणाला, "कॉलेजमध्ये सांगितलं होतं, व्हॉइड पॉइंटर धोकादायक असतो, परीक्षेला फक्त व्याख्या येते."

त्याने नंतर काय केलं तेही सांगतो, कारण खरा वाद तिथे आहे. चौथ्या जागेचं कळल्यावर तो खूश झाला आणि तीन दिवसांत तीन नव्या चुका केल्या.

पहिल्या दिवशी त्याने गावाचा क्रमांक फंक्शनच्या आत एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि त्याचा पत्ता टायमरला दिला. फंक्शन संपलं की ती जागाही संपते. पाच सेकंदांनी कॉलबॅक त्या पत्त्यावर गेला तेव्हा तिथे भलतंच काही होतं. रिकाम्या झालेल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता देऊन पाहुण्याला बोलावण्यासारखं हे झालं. दार उघडेलही, पण आत दुसरंच बिऱ्हाड असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने दर प्रश्नाला ६४ बाइट नवी मेमरी मागून घेतली, त्यात गावाची माहिती ठेवली आणि पत्ता दिला. नोंदी बरोबर येऊ लागल्या. पण मेमरी परत कोणी करायची ते ठरवलंच नाही. दर तीन सेकंदांनी एक प्रश्न म्हणजे दिवसाला २८,८०० प्रश्न. प्रत्येकी ६४ बाइट धरले तर दिवसाला १८ लाख ४३ हजार २०० बाइट, महिन्याला साधारण ५५ एमबी. तो एजंट ५१२ एमबी मेमरीच्या जुन्या मशीनवर चालतो. कोणाला काही कळलं नसतं. दिवाळी गेली असती, संक्रांत गेली असती आणि एका सकाळी चाळीसही गावं एकदम लाल झाली असती. मालक पुन्हा म्हणाला असता, "असं होतं कधी कधी."

तिसऱ्या दिवशी त्याने मेमरी मोकळी केली, पण दोन ठिकाणी: उत्तर आल्यावर एकदा आणि मुदत टळल्यावर एकदा. उत्तर आलं तरी टायमर रद्द केलेला नव्हता. त्यामुळे आधी उत्तराच्या कॉलबॅकने जागा मोकळी केली आणि पाच सेकंदांनी टायमरने त्याच मोकळ्या झालेल्या जागेत जाऊन वाचलं आणि पुन्हा मोकळी केली. प्रोग्राम तिथेच कोसळला. मला वाटतं या तीन दिवसांतली ही सर्वांत चांगली गोष्ट होती, कारण निदान दिसलं तरी.

या तिन्ही चुका एकाच अज्ञानातून आल्या आहेत. डेटा देताना तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे नव्हती: हा डेटा कोणाचा? तो कुठवर जिवंत राहायला हवा? आणि शेवटी तो मोकळा कोणी करायचा? कोडच्या भाषेत हे मालकी आणि आयुष्य यांचे प्रश्न आहेत. शेताच्या फेरफारात, घराच्या वाटणीत, दुकानाच्या भागीदारीत आपण हेच विचारतो आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढतो. कॉम्प्युटरपुढे बसलो की विसरतो.

उत्तर शेवटी अगदी साधं निघालं. चाळीस गावांची चाळीस नोंदींची एक यादी प्रोग्राम सुरू होतानाच तयार करायची. ती प्रोग्राम संपेपर्यंत राहते. प्रत्येक टायमरला त्या त्या गावाच्या नोंदीचा पत्ता द्यायचा. दर वेळी मेमरी मागायला नको, मोकळी करायला नको. उत्तर आलं की टायमर रद्द करायचा. टायमर लावताना लायब्ररी एक क्रमांक देते, तो त्याच नोंदीत लिहून ठेवला की झालं. एखादं गाव यादीतून काढायचं असेल तर आधी त्याचा टायमर रद्द करायचा, त्याचं सॉकेट लायब्ररीच्या यादीतून उतरवायचं आणि मगच नोंद मोडायची. भाडेकरू बाहेर पडल्यावर घर पाडतात, उलट क्रमाने नाही.

नेट-एसएनएमपीमध्ये अशा अनामतीच्या जागा एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकीचं आयुष्य वेगळं आहे. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. प्रश्नाला उत्तर देणाऱ्या हँडलरला स्वतःची एक जागा असते, 'मायव्हॉइड'. एखाद्या पत्त्यावर हँडलर नोंदवतो त्या नोंदणीलाही स्वतंत्र जागा असते, 'माय रेग व्हॉइड'. एकच फंक्शन चाळीस पत्त्यांवर नोंदवायचं तर गावाची ओळख या दुसऱ्या जागेत ठेवायची. हे माहीत नसल्यामुळे चाळीस गावांसाठी चाळीस फंक्शनं लिहिलेला एजंट मी पाहिला आहे. आतला मजकूर एकच, फक्त गावाचा क्रमांक बदललेला. तिसरी जागा त्या एका प्रश्नापुरती. तिथे नाव देऊन डेटा टांगता येतो, आणि टांगतानाच तो मोकळा करणारं फंक्शनही सोबत देता येतं. प्रश्न निकालात निघाला की लायब्ररी ते फंक्शन बोलावते. एखादी किंमत बदलायची विनंती अनेक टप्प्यांतून जाते: आधी जागा राखणं, मग कृती, मग कायम करणं, आणि मध्ये काही बिघडलं तर पूर्ववत करणं. पूर्ववत करायला जुनी किंमत लागते, ती या तिसऱ्या जागेत ठेवायची. सॉकेटवर उत्तर आल्यावर बोलवायच्या फंक्शनसोबतही अशीच एक जागा मिळते. नियम एकच: डेटाचं आयुष्य जेवढं, तेवढ्याच आयुष्याच्या जागी तो ठेवा. आठवडाभराचं सामान बसस्टँडच्या बाकावर ठेवत नाहीत आणि एका कप चहासाठी गोदाम भाड्याने घेत नाहीत.

आता आक्षेपांकडे येतो. हा विषय काढला की जाणकार मंडळी तीन गोष्टी ऐकवतात.

पहिली: "हा एजंट एकाच थ्रेडवर चालतो. दोन कॉलबॅक एकाच वेळी चालूच शकत नाहीत. मग ग्लोबल व्हेरिएबलला काय धोका?" वाक्याचा पहिला भाग खरा आहे. पण वरचं घड्याळ पुन्हा बघा. तिथे एकाच वेळी काहीही चाललेलं नाही. सगळं एकामागून एक झालं आणि तरीही तामशाचा बिघाड मनाठ्याच्या नावावर लागला. धोका एकाच वेळी दोन हात लागण्यातच असतो असं नाही. विचारणं आणि उत्तर यांच्यात वेळ गेला, की तेवढ्यात जग बदलतं. जिथे 'नंतर सांगतो' आहे, तिथे 'कोणाबद्दल सांगतो' हेही सोबत जपावं लागतं.

दुसरी: "सी भाषा जुनाट झाली. पायथन, गो वापरा, हा प्रश्नच उरत नाही." त्या भाषांत कॉलबॅक आजूबाजूची व्हेरिएबलं स्वतःसोबत घेऊन जातो, मेमरी मोकळी करायची चिंता बरीच कमी होते, हे मान्य. मीही वापरतो. पण पायथनमध्ये लूपच्या आत चाळीस कॉलबॅक तयार करा आणि लूपमधलं गाव त्यांत जसंच्या तसं वापरा. चाळीसही कॉलबॅक शेवटच्या गावाचं नाव सांगतील, कारण सगळ्यांनी तीच एक पाटी धरलेली असते. गो भाषेत हा खड्डा इतक्या लोकांना लागला, की फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत लूपचा नियमच बदलावा लागला. भाषा बदलली तरी 'हा डेटा कोणाचा' हा प्रश्न बदलत नाही, तो फक्त कमी दिसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: "व्हॉइड पॉइंटरमध्ये आत काय आहे हे कंपायलर तपासू शकत नाही. तामशाची नोंद समजून भलतीच वस्तू उघडाल." बरोबर आहे. ज्याने हा धोका सांगितला त्या शिक्षकाशी माझं भांडण नाही. धोका सांगून तो जिथे थांबला, तिथे भांडण आहे. विजेचा शॉक बसतो म्हणून आपण वायरमनला वायर जोडायला शिकवायचं सोडत नाही. डेटाच्या सुरुवातीलाच तो कोणत्या प्रकारचा आहे याची खूण ठेवा आणि कॉलबॅकमध्ये पहिल्या ओळीत ती तपासा. एका प्रकारच्या कॉलबॅकला एकाच प्रकारचा डेटा द्या. एवढं केलं तर बरेच अपघात टळतात. नाहीतर पोरगा 'धोकादायक' वस्तू टाळतो आणि तिच्याहून धोकादायक पाटी भिंतीला लावतो.

आणि ही गोष्ट दुनियेलाही एका दिवसात समजलेली नाही. सी भाषेच्या मूळ क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनात, क्यूसॉर्टमध्ये, तुलना करणाऱ्या कॉलबॅकला आपला डेटा द्यायला जागाच नाही. लोकांना ग्लोबल व्हेरिएबल वापरणं भाग पडलं. मग अशी जागा असलेलं क्यूसॉर्ट-आर निघालं, ते निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळ्या क्रमाने आर्ग्युमेंट घेऊ लागलं, आणि २०२४ च्या पॉझिक्स प्रमाणात ते रीतसर आलं. याउलट नेटवर्कवरची पॅकेट वाचणाऱ्या लिबपीकॅपने आणि इंटरनेटवरून फाइल आणणाऱ्या लिबकर्लने ही जागा कॉलबॅकसोबत दिलेली आहे. मोठमोठ्यांनी चूक केली, ओळखली आणि दुरुस्त केली. आपली पोरं मात्र ती दुरुस्ती झाल्याची बातमी न मिळाल्यासारखी जुनीच चूक नव्याने करत आहेत.

का? कारण आपल्याकडे प्रोग्राम 'चालला' की शिकणं संपतं. प्रोजेक्ट दाखवायचा, स्क्रीनवर हिरवा दिवा लागला की सही, फाइल बाइंड करून जमा. परीक्षक हिरवा दिवा बघतो. वायर काढून बघत नाही. दोन वायरी काढून तर कोणीच बघत नाही. शिकवणी इंग्रजीतून पाठ केलेल्या व्याख्यांवर चालते. पोरगा व्याख्या म्हणून दाखवतो, पण "ही मेमरी मोकळी कोण करणार?" असं साध्या मराठीत विचारलं की गप्प होतो. त्याला उत्तर येत नाही असं नाही, हा प्रश्न विचारता येतो हेच त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांसाठी हे जास्त लागू आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. माझ्या ओळखीतली किती तरी पोरं केबल ओढतात, सीसीटीव्ही बसवतात, टॉवरवर चढतात, मोबाइल दुरुस्त करतात. हातात कसब आहे. नेटवर्कचं अंगमेहनतीचं काम आपल्याकडे आलं, डोक्याचं काम दुसरीकडे होतं अशी तक्रार आपण करतो, आणि ती खोटी नाही. पण त्यातल्या एखाद्याच्या हातात कोड लिहायची संधी आली, तर त्याने तो नमुन्यातून उचलून चिकटवायचा आणि आपण "माशाअल्लाह, पोरगा प्रोग्रामर झाला" म्हणून पेढे वाटायचे, यात आपण त्याचं भलं करत नाही. त्या रात्री चिखलात पडलेला पोरगाही आपलाच होता. एकाच्या कॉपी केलेल्या ओळीचा दंड दुसऱ्याच्या मनगटाने भरला.

आणि आता हे काम गावोगाव पसरलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचं लक्ष्यच सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचं होतं. सरकारी असो की खासगी, प्रत्येक टोकाला एक डबा आहे आणि प्रत्येक डब्यामागे तो चालू की बंद हे सांगणारा कोणतातरी प्रोग्राम. त्या एका आकड्यावर लाइनमन निघतो, करारातला दंड ठरतो, आणि "तुमच्याकडे नेट चालूच आहे" असं शेतकऱ्याला तोंडावर सांगितलं जातं. जो एजंट गप्प बसतो त्याच्यावर माणूस संशय घेतो आणि फोन करून विचारतो. जो आत्मविश्वासाने चुकीचं गाव सांगतो, त्याच्यापुढे माणसाचं खरं बोलणंही खोटं ठरतं. मनाठ्यात चालू डब्यापुढे उभा राहून तो पोरगा खरं सांगत होता आणि स्क्रीनवर विश्वास ठेवून ऑफिस त्याला नीट बघायला सांगत होतं.

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि एकीलाही पैसा लागत नाही.

शिकवणाऱ्यांना: कॉलबॅक असलेला कोणताही प्रोजेक्ट, त्यातल्या प्रत्येक डेटासाठी कोणाचा, कुठवर, मोकळा कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मुलाने स्वतःच्या भाषेत तोंडी दिल्याशिवाय स्वीकारू नका. दखनीत दिली तरी चालतील.

पुरवठादारांना: एजंट विकत घ्या की बनवून घ्या, पण टेबलावर निदान तीन डबे ठेवून बघा. मधल्याची वायर काढा. मग दोघांच्या काढा. मग एकाचं उत्तर मुद्दाम दहा सेकंद उशिरा येऊ द्या. प्रत्येक वेळी लाल खूण कोणाच्या नावावर लागते ते वहीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि कोड लिहिणाऱ्या पोरांनो, तुम्हाला: नमुन्यात 'नल' दिसला की थांबा. लायब्ररी लिहिणाऱ्याने ती जागा उगाच ठेवलेली नाही. ती कशासाठी आहे हे कळल्याशिवाय पुढची ओळ चिकटवू नका.

दुरुस्त केलेला एजंट आता चालू आहे. तो बसवायच्या आदल्या दिवशी आम्ही ऑफिसात तीन डबे मांडले आणि त्यांवर खडूने निवघा, तामसा, मनाठा लिहिलं. वायर काढायचं काम प्लास्टरवाल्या लाइनमनने डाव्या हाताने केलं. त्याने तामशाची वायर काढली. पाच सेकंदांनी तामसा लाल झालं, मनाठा हिरवं राहिलं. त्याने स्क्रीनकडे बघितलं, प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराकडे बघितलं आणि म्हणाला, "आता निवघ्याची पण काढतो. बघू काय म्हणतंय."